वाचकांचे प्रश्न : आयईएलटीएसमधील ‘स्पीकिंग’चा सराव घरी कसा करावा?

परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आयईएलटीएससारखी इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आली. वाचन, लेखन आणि श्रवण यांविषयी फारशी कोणाची तक्रार नाही. अडचण येते ती बोलण्याच्या भागात. त्यामुळे या अंकातील सर्व प्रश्न त्याच विषयावरचे घेतले आहेत. एकसारखी पत्रे एकत्र केली असून लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि नुकतीच मी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. आयर्लंडमध्ये पुढील शिक्षण घेण्याचा विचार आहे. क्लासमध्ये साठ विषयांची तयार उत्तरे दिली होती. ती मी तीन महिने घोकली. परीक्षेत एकदाही अडखळलो नाही. तरीही वाचनात नऊपैकी ७ बँड आणि बोलण्यात केवळ ५.५ मिळाला. गुण नेमके कोठे गेले? (लातूर)

उत्तर : आपण एकदाही अडखळला नाहीत, ही गोष्टच बहुधा परीक्षकाच्या लक्षात आली असावी. आपल्याच आयुष्यातला प्रसंग सांगणारा माणूस मध्येच थांबतो, एखादा शब्द शोधतो, ‘नाही, त्याच्या आदल्या दिवशी’ असे म्हणून स्वतःलाच दुरुस्त करतो. पाठ केलेले म्हणताना यांतले काही होत नाही. श्वासही अर्थाच्या जागी न घेता ओळ संपेल तेथे घेतला जातो. मग परीक्षक यादीत नसलेला एखादा साधा प्रश्न विचारतो आणि क्षणात वेग, शब्द आणि व्याकरण तिन्ही बदलतात. समोर बसलेल्या प्रशिक्षित माणसाला हा सांधा ऐकू येतो आणि तो गुण देतो ते सांध्यानंतरच्या, म्हणजे तुमच्या खऱ्या इंग्रजीला.

परीक्षेची रचना पाहिली की हे अधिक स्पष्ट होईल. संपूर्ण तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि तिचे ध्वनिमुद्रण होते. पहिली चार-पाच मिनिटे घर, शिक्षण, काम, आवडीनिवडी अशा परिचयाच्या विषयांवर प्रश्नोत्तरे होतात. दुसऱ्या भागात एक कार्ड हातात दिले जाते, एक मिनिट विचार करायला मिळते आणि नंतर एक ते दोन मिनिटे एकट्याने बोलायचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयाशी जोडलेली, पण अधिक व्यापक चर्चा चार-पाच मिनिटे चालते. गुण चार गोष्टींना समसमान दिले जातात : बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा आवाका व अचूकपणा, आणि उच्चार. ‘उत्तर किती चांगले होते’ असा पाचवा रकाना नाही. तुम्ही सांगितलेला प्रसंग थोर असो वा किरकोळ, त्यावर गुण अवलंबून नसतात, आणि तीन महिन्यांच्या पाठांतराचा फायदा न होण्याचे कारण हेच आहे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाचे उदाहरण देतो. ‘कोणाकडून तरी शिकलेले एखादे कौशल्य’ या कार्डासाठी त्याने गिटारचे उत्तर पाठ केले होते. ते संपल्यावर मी सहज विचारले की पहिली तार कोणती तुटली, आणि तो गप्प झाला. त्याने गिटार कधी हातात धरलीच नव्हती. मग मराठीत विचारले, ‘खरोखर काय शिकलास?’ थोडा संकोचून तो म्हणाला, ‘काकांकडून उसाची ट्रॉली मागे घ्यायला शिकलो.’ त्याला तेच इंग्रजीत सांगायला लावले. ट्रॉलीचे मागचे तोंड डावीकडे न्यायचे असेल तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते, ते जरा जास्त फिरले की ट्रॅक्टर आणि ट्रॉली मध्येच दुमडतात, आणि मग पुन्हा पुढे जाऊन सरळ करण्यावाचून गत्यंतर नसते, हे सारे तो हातवारे करत सांगू लागला. ‘इफ आय वॉन्ट द ट्रॉली टू गो लेफ्ट, आय हॅव टू टर्न द स्टिअरिंग राइट,’ हे वाक्य त्याला कोणी शिकवले नव्हते. दुमडण्यासाठी इंग्रजीत ‘जॅकनाइफ’ असा नेमका शब्द आहे. तो त्याला ठाऊक नव्हता, म्हणून तो म्हणाला, ‘इट फोल्ड्स इन द मिडल, लाइक अ बुक.’ शब्द आठवला नाही तेव्हा अर्थ दुसऱ्या शब्दांत पोहोचवता येणे याला परीक्षेत किंमत आहे. त्या दोन मिनिटांत व्याकरणाच्या चार-पाच चुका झाल्या, पण गिटारच्या उत्तरापेक्षा ते बोलणे सर्वच बाजूंनी सरस होते.

आता सरावाविषयी. रोज एकच कार्ड घ्या. एका मिनिटात कागदावर केवळ शब्द टिपा, वाक्ये लिहू नका, कारण वाक्ये लिहिली की आपण ती वाचू लागतो. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करून दोन मिनिटे बोला आणि काही झाले तरी मध्ये बंद करू नका. त्यानंतर जे करायचे ते बहुतेक विद्यार्थी टाळतात : स्वतःचा आवाज ऐका. पहिल्यांदा नुसता ऐका. दुसऱ्यांदा कागद घेऊन जेथे अडलात त्या जागा टिपा. त्या जागा सहसा तीन-चारच निघतात. तेवढ्यांसाठी शब्द शोधा आणि लगेच तीच गोष्ट पुन्हा सांगा. दुसऱ्या दिवशी नवे कार्ड घेण्यापूर्वी कालचीच गोष्ट तिसऱ्यांदा, कागद न पाहता, सांगा. हे पाठांतर होईल अशी भीती वाटेल, परंतु शब्द लिहून न ठेवता सांगितलेली गोष्ट दर वेळी थोडी वेगळी येते आणि त्या वेगळेपणातच सराव होतो. तीन महिन्यांत साठ उत्तरे घोकण्याऐवजी पंचवीस-तीस खऱ्या गोष्टी अशा तीन-तीनदा सांगितल्या तर कोणतेही कार्ड आले तरी त्यांतली एखादी तेथे वळवून नेता येते.

प्रत्यक्ष परीक्षेत दोन मिनिटे झाल्यावर परीक्षक मध्येच थांबवतात. ते वेळेचे बंधन असते, नाराजी नव्हे.

आपली परीक्षा संगणकावर झाली असेल तर केवळ बोलण्याचा भाग पुन्हा देण्याची सोय आहे. ती मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत आणि एकदाच वापरता येते. मात्र ज्या विद्यापीठात अर्ज करणार आहात ते असा निकाल स्वीकारते का, हे पैसे भरण्याआधी त्यांना विचारून घ्या.

प्रश्न : आमच्या गावात इंग्रजी बोलणारे कोणी नाही. वाशिमला क्लास आहे, पण रोज जाणे-येणे परवडत नाही. एकट्याने बोलण्याचा सराव होतो का? (वाशिम जिल्हा)

उत्तर : पुष्कळसा होतो, आणि त्यासाठी वर सांगितलेली ध्वनिमुद्रणाची पद्धत आपल्यालाही लागू आहे. त्यात एका गोष्टीची भर घालतो. ज्यांना इंग्रजी येत नाही अशी घरची माणसे या सरावात फार उपयोगी पडतात. कार्डावरचा प्रसंग आधी आईला किंवा आजीला मराठीत सांगा. ती ऐकताना ‘मग पुढं काय झालं?’, ‘तू एकटाच होतास का?’ असे विचारील. ज्या जागी तिने विचारले त्या जागी तुमचे सांगणे अपुरे होते, हे लिहून ठेवा. गोष्टीचा क्रम मराठीत नीट बसला की इंग्रजीत डोके फक्त शब्दांकडे द्यावे लागते. सुसंगतीचे अर्धे काम मातृभाषेत उरकून घेण्यात काहीच कमीपणा नाही.

पहिल्या भागासाठी मात्र समोर कोणीतरी प्रश्न विचारणारे हवे. जिल्ह्यातल्याच दुसऱ्या परीक्षार्थीला गाठून आठवड्यातून दोनदा फोनवर वीस मिनिटे ठरवा. एकाने परीक्षक व्हायचे, हातात घड्याळ धरायचे आणि उत्तर चालू असताना तोंडातून शब्दही काढायचा नाही. प्रत्येक वाक्याला दुरुस्ती करणारा मित्र कितीही सद्भावनेने करीत असला तरी बोलणाऱ्याचा धीर खचवतो. चुका शेवटी, आणि त्याही दोनच सांगाव्यात. या भागातली उत्तरे दोन-तीन वाक्यांची असावीत. ‘डू यू लाइक कुकिंग?’ याला नुसते ‘येस’ म्हणणे जसे अपुरे, तसेच दोन मिनिटांचे भाषण अस्थानी.

प्रश्न : यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून मी ब्रिटिश ढंगाने बोलण्याचा प्रयत्न करते, पण जीभ वळत नाही. मराठी हेल गेल्याशिवाय ७ बँड मिळत नाही असे मैत्रिणी म्हणतात. ते खरे आहे का? (पनवेल)

उत्तर : ते खरे नाही. ही परीक्षा हेल मोजत नाही; बोललेले विनासायास समजते का, हे मोजते. उसना ढंग पहिली दोन मिनिटे टिकतो आणि पुढे विषयात मन गुंतले की गळून पडतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला आधी समजत होते तेही नीट समजेनासे होते. तो प्रयत्न आजच सोडून द्या.

मराठी माणसाच्या इंग्रजीत समजण्याच्या आड येणाऱ्या जागा थोड्या आहेत आणि त्या सुधारता येतात. लिहिताना आपण ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ असा फरक कटाक्षाने करतो, बोलताना मात्र दोन्हींचा मराठी ‘व’ होतो. ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत. ‘वेस्ट’ म्हणताना ओठांचा चंबू व्हायला हवा आणि दात दूर राहायला हवेत. आरशासमोर आठ दिवस केले की हे साधते. ऱ्हस्व-दीर्घाचेही असेच आहे : ‘आय लिव्ह इन पनवेल’ म्हणताना ‘लि’ लांबला तर मी पनवेल सोडून चालले असे ऐकू येते.

सर्वांत मोठी बाब आघाताची आहे, आणि तिच्याकडे क्लासमध्येही फारसे लक्ष दिले जात नाही. मराठीत शब्दातल्या एखाद्या अक्षरावर जोर दिल्याने सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण इंग्रजी शब्दही सपाट उच्चारतो. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’चा जोर पहिल्या अक्षरावर असतो आणि ‘फोटोग्राफी’त तो दुसऱ्यावर सरकतो, इतका की पहिला ‘फो’ जवळजवळ ‘फ’ होऊन जातो. ‘डेव्हलप’ आपण ‘डे’वर जोर देऊन म्हणतो, तो हवा ‘व्हे’वर. ‘हॉटेल’ आणि ‘इव्हेंट’ यांतही जोर दुसऱ्या अक्षरावर. ‘कम्फर्टेबल’मधले ‘टेबल’ तर इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी ऐकूच येत नाही.

शब्दाप्रमाणे वाक्यातही हेच घडते. ‘मीच त्याला सांगितलं’ आणि ‘मी त्यालाच सांगितलं’ यांतला भेद आपल्याकडे ‘च’ सांभाळतो. इंग्रजीत ते काम आवाज करतो : ‘आय टोल्ड हिम’ या तीन शब्दांपैकी ‘आय’ ठळक म्हटला की पहिला अर्थ, ‘हिम’ ठळक म्हटला की दुसरा. हे ठाऊक नसल्यामुळे आपण ‘च’च्या जागी ‘ओन्ली’ बसवतो आणि ‘आय ओन्ली टोल्ड हिम’, ‘ही वॉज देअर ओन्ली’ अशी वाक्ये बोलतो, ज्यांचा अर्थ परक्या माणसाला भलताच लागतो. रोज दहा वाक्ये घेऊन त्यांतला एकेक शब्द आळीपाळीने ठळक करून म्हणा. ढंग बदलण्याच्या नादात घालवलेल्या वेळापेक्षा हा सराव कितीतरी फलदायी ठरेल.

प्रश्न : लिहिताना माझे व्याकरण चांगले आहे. बोलू लागले की साधी वाक्येही चुकतात. आधी व्याकरणाचे पुस्तक पुन्हा करावे का? (कोल्हापूर)

उत्तर : पुस्तक पुन्हा करण्याची गरज दिसत नाही, कारण नियम आपल्याला येतच आहेत. बोलताना विचाराला वेळ मिळत नाही आणि मराठी वाक्य जसेच्या तसे इंग्रजी शब्द पांघरून बाहेर पडते. ‘मी पाच वर्षांपासून कोल्हापुरात राहते’ यातले ‘राहते’ वर्तमानकाळी आहे, म्हणून तोंडातून ‘आय ॲम लिव्हिंग इन कोल्हापूर सिन्स फाइव्ह इयर्स’ निघते. इंग्रजीला तेथे ‘आय हॅव लिव्ह्ड इन कोल्हापूर फॉर फाइव्ह इयर्स’ हवे असते. ‘त्याने मला सांगितले’चे ‘ही सेड मी’ होते. ‘म्हणजे’ तर आपल्या बोलण्याचा श्वासच आहे, त्यामुळे दर दुसऱ्या वाक्याची सुरुवात ‘मीन्स’ने होते. आपले ध्वनिमुद्रण ऐकताना हा एक शब्द मोजून पाहा. माझ्या विद्यार्थ्यांना तो आकडा दरवेळी धक्का देतो.

काळाची आणखी एक गंमत सांगतो, जी मराठीच्या समृद्धीतून आली आहे. आपण घडून गेलेली हकीकत सांगता सांगता वर्तमानकाळात शिरतो : ‘काल मी बँकेत गेले, बघते तर काय, दार बंद. मी शिपायाला विचारते, तो म्हणतो, आज सुट्टी.’ मराठी कानाला यात काही खटकत नाही, उलट रंगत वाढते. इंग्रजीतही असे सांगता येते, परंतु परीक्षेत काळ मागे-पुढे होऊ लागला की ती चूक समजली जाण्याचा धोका मोठा असतो. म्हणून दुसऱ्या भागात गेलेला प्रसंग सांगताना भूतकाळ शेवटपर्यंत धरून ठेवावा.

सरावासाठी एका आठवड्यात एकच चूक निवडा. या आठवड्यात भूतकाळ, पुढच्यात ‘सिन्स’ आणि ‘फॉर’, त्यापुढच्यात ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’. सगळ्या चुका एकदम धरायला गेलात तर प्रत्येक शब्दापाशी थबकाल आणि ओघाचे गुण जातील. बोलताना चूक लक्षात आली तर ती दुरुस्त करून पुढे जा. वाक्य पहिल्यापासून सुरू करू नका.

प्रश्न : मी मिरजेतील एका रुग्णालयात नऊ वर्षे परिचारिका आहे. इंग्लंडमध्ये नोकरीसाठी आयईएलटीएस द्यावी की ओईटी (आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा)? बारा तासांच्या ड्युटीनंतर अभ्यासाला बसवत नाही. (मिरज)

उत्तर : आपले पत्र वाचून मनापासून आदर वाटला, आणि उत्तरही जरा सविस्तर देतो. ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी करणारी ‘नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल’ ही संस्था दोन्ही परीक्षा स्वीकारते. आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि बोलणे यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ लागतात, ओईटीमध्ये पहिल्या तिन्हींत ‘बी’ आणि लेखनात ‘सी प्लस’ श्रेणी लागते. नियम बदलत असतात, म्हणून अर्जापूर्वी संस्थेच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या. माझे मत विचाराल तर नऊ वर्षे वॉर्डात काढलेल्या व्यक्तीने बोलण्याच्या दृष्टीने ओईटीचाच आधी विचार करावा. आयईएलटीएसमध्ये ‘तुम्ही पाहिलेली एखादी सुंदर इमारत’ यावर बोलावे लागेल. ओईटीमध्ये तुम्ही रोज जे करता तेच करून दाखवायचे असते.

त्या परीक्षेत दोन भूमिका वठवायच्या असतात, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांच्या. कार्डावर ठिकाण, रुग्णाची स्थिती आणि तुम्ही काय साधायचे ते दिलेले असते. वाचून विचार करायला काही मिनिटे मिळतात. समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होते, पण गुण ती देत नाही. ध्वनिमुद्रण ऐकून वेगळे परीक्षक देतात. भाषेखेरीज रुग्णाशी वागण्याचेही गुण असतात : त्याचे म्हणणे ऐकून घेतले का, त्याच्या भीतीची दखल घेतली का, माहिती टप्प्याटप्प्याने दिली का. हे आपल्याला मराठीत अवगत आहेच. सराव करायचा आहे तो ते इंग्रजीत उतरवण्याचा.

येथे काही अडचणी खास आपल्याकडच्या आहेत. वॉर्डात आपण रुग्णाला मामा, मावशी, आजोबा म्हणतो आणि त्या एका शब्दाने निम्मी भीती पळते. इंग्रजीत ‘अंकल’ म्हटले तर परक्या माणसाला ते विचित्र वाटेल. तेथे सुरुवातीलाच विचारावे, ‘व्हॉट वुड यू लाइक मी टू कॉल यू?’ त्याने सांगितलेले नाव मग संभाषणात दोन-तीनदा वापरावे. ‘मामा, जरा टोचेल हं’ यातल्या ‘हं’मध्ये जो धीर आहे तो ‘इट विल पेन’ या वाक्यात उरत नाही, शिवाय ते व्याकरणातही बसत नाही. ब्रिटनमधल्या परिचारिका सुई टोचताना ‘शार्प स्क्रॅच’ असे म्हणतात. ‘यू मे फील अ शार्प स्क्रॅच, टेल मी इफ इट्स टू मच’ असे आपण म्हणू शकता. तसेच सहकाऱ्यांशी बोलताना वापरायचे ‘एनबीएम’ (तोंडाने काही घ्यायचे नाही), ‘हायपरटेन्शन’ (उच्च रक्तदाब) असे शब्द रुग्णासमोर सोडून द्यावेत. ‘प्लीज डोन्ट ईट ऑर ड्रिंक एनीथिंग बिफोर द ऑपरेशन’ हे अधिक चांगले. आणि माहिती देण्याआधी त्याला किती ठाऊक आहे ते विचारावे. बहुतेक परिचारिका येथे घाई करतात, कारण वॉर्डात खरोखरच वेळ नसतो.

ड्युटीनंतर टेबलाशी बसू नका. दिवसभरात ज्या एका रुग्णाशी बोलणे लांबले असेल त्याचीच भूमिका, घरी जाण्यापूर्वी, सहकारी परिचारिकेला द्या. समजा, नव्याने मधुमेह झालेले गृहस्थ इन्सुलिन घ्यायला तयार नाहीत. ‘एकदा सुरू केलं की जन्माचं मागं लागतं’ असे त्यांचे म्हणणे. सहकाऱ्याने तेच इंग्रजीत अडून बसून म्हणावे आणि आपण पाच मिनिटांत त्यांना समजून घ्यावे, समजवावे. गोपनीयतेसाठी रुग्णाचे नाव घेऊ नये. आठवड्यातून चार वेळा इतके झाले तरी पुरेसे आहे. सुट्टीच्या दिवशी त्यातला एक संवाद ध्वनिमुद्रित करून ऐका आणि फक्त एक गोष्ट तपासा : आपण जास्त बोललो की रुग्ण?

प्रश्न : पहिले दोन भाग चांगले जातात. तिसऱ्यात समाज, शिक्षण, तंत्रज्ञान अशा विषयांवर मत विचारले की डोके रिकामे होते. इंग्रजी नव्हे, विचारच सुचत नाहीत. (म्हापसा, गोवा)

उत्तर : विचार सुचत नाहीत असे मला वाटत नाही. ‘प्रत्येक शाळेत हाताने करण्याचे एखादे काम शिकवावे का?’ हा प्रश्न घरी जेवताना निघाला तर आपण दहा मिनिटे वाद घालाल. परीक्षेत मात्र काहीतरी भारदस्त बोलले पाहिजे अशी समजूत असते आणि ती वाट अडवते. मत साधे असले तरी चालते. ‘शिकवावे, कारण माझ्या चुलतभावाला पदवी आहे पण घरातला फ्यूज बदलता येत नाही, अर्थात, शाळांकडे तेवढे शिक्षक नाहीत ही अडचण खरी आहे’ इतके मराठीत सुचले की मत, कारण, उदाहरण आणि दुसरी बाजू हे सगळे आले. तेच इंग्रजीत सांगायला अर्धा-पाऊण मिनिट लागते आणि तिसऱ्या भागातल्या उत्तराला तेवढी लांबी शोभते.

‘दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग क्वेश्चन’ हे वाक्य विचारासाठी वेळ काढायला एखाद्या वेळी ठीक आहे. प्रत्येक उत्तराआधी म्हटले की ते ऐकणाऱ्याला कंटाळवाणे होते. त्यापेक्षा दोन सेकंद शांत राहणे बरे. प्रश्न समजला नाही तर अंदाजाने उत्तर देऊ नका. पहिल्या भागात परीक्षक प्रश्न पुन्हा म्हणू शकतात, पण समजावून सांगत नाहीत. तिसऱ्यात मात्र तो दुसऱ्या शब्दांत मांडून देऊ शकतात. ‘सॉरी, कुड यू पुट दॅट इन अनदर वे?’ असे विचारल्याने गुण कमी होत नाहीत. परीक्षक आपले मत खोडून काढू लागले तरी गांगरून जाऊ नका. आपण आणखी बोलावे म्हणूनच ते तसे करतात.

सरावासाठी वर्तमानपत्रातला रोजचा अग्रलेख वाचा, मराठी किंवा कोकणी कोणताही चालेल, आणि मिटवून ठेवल्यावर त्यातले एकच विधान घेऊन स्वतःला तीन प्रश्न विचारा : असे का घडते, पूर्वी कसे होते, आणि याच्या उलट म्हणणारा माणूस काय म्हणेल. तिन्ही उत्तरे मोठ्याने, उभे राहून, इंग्रजीत द्या. तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण परीक्षेत डोके रिकामे होते ते बहुधा तेथेच.